रिबोअरनंतर 99.1 सीसी हा आकडा बरोबर आहे

नमस्कार. "शंभर सीसीच्या गाडीला अर्धा मिमी मोठा पिस्टन टाकला, तरी बिलावर 99.1 सीसी? मी काढले तर 396 येतात. ब्लॉक घासलेला नसताना रिबोअर केला (सिलिंडर आतून कापून मोठा केला), पॉवरही वाढली नाही," अशी तुमची तक्रार आहे. बिलावर नुसते सीसी लिहिले, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) लिहिले नाहीत, ही आमची चूक. त्याबद्दल मनापासून माफी. आकडा मात्र बरोबर आहे.

'शंभर' हे फक्त म्हणायला. तुमच्या इंजिनाचा मूळ बोअर 50 मिमी, स्ट्रोक 49.5 मिमी. 50 × 50 × 0.7854 × 49.5 केलं की 97,193 घन मिमी येतात. हजाराने भागलं की 97.2 सीसी. आता बोअर 50.5 झाला, स्ट्रोक तोच राहिला, म्हणून 99.1. तुमचे 396 याच्या बरोब्बर चौपट आहेत, कारण पायला त्रिज्येच्या वर्गाने गुणताना त्रिज्येऐवजी व्यास धरला गेलाय. व्यासच घ्यायचा असेल तर 3.1416 ऐवजी त्याचा चौथा हिस्सा, 0.7854, घ्या.

ब्लॉक घासला नव्हता असं का वाटलं, ते तुमच्या फोटोत दिसतं. व्हर्निअर (माप घ्यायची पट्टी) ब्लॉकच्या अगदी तोंडाशी लावलाय. तिथवर पिस्टनची वरची रिंग पोचतच नाही, त्यामुळे ती कड मूळ मापातच राहते आणि 50.00 दाखवते. सगळ्यात जास्त झीज त्या कडेच्या लगेच खाली होते, जिथे वरची रिंग थांबून परत फिरते. तिथे बोअर गेजने 50.11 आलं होतं. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं अशी सहा मापं घेतल्याशिवाय बोअर कळत नाही. 0.11 वाचायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्याने रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) जवळपास 0.35 मिमीने वाढतो. कॉम्प्रेशन तिथूनच गळतं.

पॉवरचं म्हणाल तर सीसी दोनच टक्के वाढले. रिबोअर करतात तो बोअर पुन्हा गोल आणि सरळ करायला, गाडी जोरात पळवायला नाही.

स्ट्रोक तपासायचा झाला तर लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) उंची मोजू नका, ती स्ट्रोकपेक्षा जास्त असते. हेड काढून पिस्टन पार वर आणि पार खाली असताना खोली मोजायची; दोन्हीतला फरक म्हणजे स्ट्रोक.

बोअर-स्ट्रोक लिहिलेलं दुरुस्त बिल, घेतलेली सहाही मापं आणि तुमचा जुना पिस्टन रिंगांसकट काढून ठेवलाय. कधीही येऊन घेऊन जा.