समोरासमोरचे रंग आणि एक फिरता मेसेज

गणपती जवळ आले की बेळगावातल्या मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘रंगचक्रात समोरासमोर असलेले रंग शेजारी लावा, काम हमखास उठून दिसेल. काळ्यावर तर कुठलाही रंग खुलतो. रंग स्वतः बदलत नाही. फिका वाटला तर माल हलका.’ रंगचक्र म्हणजे गोलात मांडलेले रंग; त्यात लाल आणि हिरवा समोरासमोर येतात.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यापायी रंगाच्या दुकानदाराला नाहक बोल लागतो. पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेत हीच तक्रार होती: काळा निस्तेज दिसतो. 1824 पासून तिथलं रंगखातं सांभाळणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं दुसरीकडचे काळे धागे आणून ताडून पाहिले. रंगात खोट नव्हती. शेजारी निळे-जांभळे धागे होते, म्हणून काळा विटका दिसत होता. डोळा शेजारच्या रंगाची विरुद्ध झाक या रंगावर चढवतो. 1839 मध्ये शेव्रलनं याचा नियमच छापला. पटत नसेल तर एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे कापा, एक लाल कार्डशीटवर ठेवा, एक हिरव्यावर. पहिला हिरवट दिसेल, दुसरा तांबूस. वर पातळ बटर पेपर टाकलात तर फरक आणखी कळेल.

समोरासमोरच्या रंगांचं म्हणणं अर्धंच खरं. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांना हे सांगायला नको. साडीच्या हिरव्या अंगाला रुंद लाल काठ दिला की दोन्ही रंग भडकतात. पण तोच लाल ताण्यात (उभ्या धाग्यांत) आणि तोच हिरवा बाण्यात (आडव्या धाग्यांत) घाला. चार हातांवरून कापड ना लाल ना हिरवं, मातकट दिसतं. धागे इतके बारीक की डोळा ते वेगळे काढू शकत नाही, मिसळून टाकतो. म्हणजे पट्टा केवढा, हेही बघावं लागतं.

आणि उजळपणा. हिरव्या बॅनरवर तितक्याच गडद लाल अक्षरांत ‘सहर्ष स्वागत’ लिहून बघा: कडा थरथरतात, वाचताना डोळे दुखतात. मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला तर अक्षरं जवळजवळ गायबच. उलट कर्नाटकभर दिसणारा पिवळा-लाल झेंडा घ्या (त्याचं राजकारण इथं नको). पिवळा आणि लाल चक्रात समोरासमोर नाहीत, तरी लांबून स्वच्छ वेगळे दिसतात, कारण पिवळा कितीतरी उजळ.

काळ्याचंही तेच. चंद्रकळेवर जरीचा काठ झळकतो, गर्द जांभळा बुडतो.

मंडपात आणखी एक भानगड असते, तिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. दिवसा झकास दिसणारा हिरवा पडदा रात्री नुसत्या लाल एलईडीखाली काळपट पडतो. लाल उजेडात परत फेकायला हिरवा नसतोच. पडद्याचं कापड फाडून घेण्याआधी लायटिंगवाल्याला तेवढं विचारून घ्या.