ऑटोमॅटिक घड्याळाला तेल लागतं, आणि आतल्या माणकांना बाजारात किंमत नसते

‘ऑटोमॅटिक घड्याळ घेण्याआधी हे वाचा’ असा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. (ऑटोमॅटिक म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, बॅटरीशिवाय चालणारं घड्याळ.) लग्नासाठी पहिलं चांगलं घड्याळ घ्यायला निघालेल्या मामेभावाने तो पाठवून विचारलं, “दादा, एवढं बघितलं की झालं ना?” नाही झालं. त्यातले सहा मुद्दे असे: बॅटरी नाही म्हणून सर्व्हिसिंग नाही, ज्वेल (घर्षण कमी करणारे आतले खडे) जितके जास्त तितकं मशीन भारी, शिवाय ती खरी माणकं असल्याने पैसे वसूल, सेकंदकाटा टिकटिक न करता सरकला की माल असली, हाताने चावी दिली तर स्प्रिंग तुटते, म्हणून हलवून सुरू करा, ३० मीटर लिहिलंय म्हणजे पोहता येतं, स्विस मेड म्हणजे प्रत्येक भाग स्वित्झर्लंडचा.

पहिल्या मुद्द्याने सर्वांत जास्त नुकसान होणार आहे, म्हणून आधी तोच.

उदाहरणाला स्वित्झर्लंडच्या ईटीए कंपनीचं २८२४-२ हे मशीन घेऊ. कितीतरी स्विस घड्याळांत ते किंवा त्याच्यावर बेतलेलं सेलिटा कंपनीचं एसडब्ल्यू२०० असतं. ते तासाला २८,८०० ठोके देतं. दिवसाचे झाले ६,९१,२०० आणि वर्षाचे २५ कोटींच्या वर. दर ठोक्याला एस्केप व्हील नावाच्या चाकाचा दात पॅलेटच्या (त्या चाकाला अडवून सोडणाऱ्या तरफेच्या) खड्यावर घासून पुढे सरकतो. खुद्द ईटीएचं तांत्रिक पत्रक उघडून बघा. कोणत्या जागी कोणतं वंगण घालायचं ते त्यात चित्रासकट दिलंय. पॅलेटच्या खड्यांना मोबियस ९४१५ हे वंगण, वेगाने फिरणाऱ्या बारीक पिव्हटना (चाकांच्या अक्षांच्या टोकांना) पातळ तेल, सावकाश फिरणाऱ्या जड चाकांना घट्ट तेल. मशीन बनवणाराच तेलाच्या जागा नेमून देतो, आणि फॉरवर्डवाला म्हणतो सर्व्हिसिंग लागत नाही!

तेल सुकलं की घड्याळ लगेच बंद पडत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. आधी बॅलन्सचा (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा) झोका कमी होतो. मग घड्याळ हातात एक वेळ दाखवतं आणि रात्री टेबलावर ठेवल्यावर वेगळ्या चालीने चालतं. तोवर कोरड्या पिव्हटचं पोलाद झिजून भोवती लालसर भुकटी साचू लागलेली असते. ज्वेल कठीण असल्याने शाबूत राहतो, झिजतो तो पिव्हट. ‘चालतंय तोवर उघडू नका’ म्हणत बसलात तर साध्या सर्व्हिसिंगच्या जागी चाकं बदलण्याचा खर्च येतो.

अंतर किती ठेवायचं? साधारण पाच ते सात वर्षं. रोलेक्स सुमारे दहा वर्षं सांगते, पण ‘कधीच नको’ असं तीसुद्धा म्हणत नाही. सर्व्हिसिंग म्हणजे मशीन पूर्ण सुटं करणं, धुणं, मेनस्प्रिंग (चावीने भरली जाणारी मुख्य स्प्रिंग) आणि रबरी गॅस्केट नवी घालणं, तेल देणं आणि चाल जुळवणं. मशीन न सोडवता वरून तेलाचा थेंब सोडून ‘ऑइलिंग’ करून देणाऱ्याकडे जाऊ नका. जुन्या चिकट गाळात नवं तेल मिसळलं की त्याची घासणारी लुगदी होते.

घरी दोन गोष्टी तपासता येतात. बाजूच्या गुंडीने चावीचे ४० फेरे द्या, डायल वर करून ठेवा आणि किती तासांनी बंद पडतं ते लिहून ठेवा. २८२४-२ चा पॉवर रिझर्व्ह, म्हणजे पूर्ण चावीवर चालण्याचा वेळ, सुमारे ३८ तास आहे. ते २५ तासांत थांबलं तर स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस किंवा चाकांचं तेल गेलंय असं समजा. दुसरं, चावी देताना आतला रोटर (हात हलला की फिरून चावी भरणारं वजन) स्वतःच गरगर फिरतोय का ते बघा. फिरत असेल तर रोटरची फिरकी स्प्रिंगपर्यंत नेणारं रिव्हर्सिंग व्हील चिकटलेलं असतं.

आता माणकं. ज्वेल खरंच माणकाचे असतात, पण प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माणकाचे. ऑगस्त व्हेर्नोय यांनी १९०२ मध्ये ज्वाळेत माणिक वाढवण्याची पद्धत जाहीर केली. तेव्हापासून घड्याळातल्या खड्याला दागिन्याची किंमत उरली नाही. तो तिथे असतो तो घर्षण कमी करायला. आपल्या एचएमटी जनतामध्ये १७ ज्वेल आहेत, आणि चावीच्या साध्या मशीनला तेवढे पुरतात. ऑटोमॅटिकमध्ये रोटरची चाकं वाढतात म्हणून आकडा वाढतो. २८२४-२ मध्ये २५, आणि कितीतरी पट महाग असलेल्या स्विस कंपनी पाटेक फिलिपच्या कॅलिबर २४० (कॅलिबर म्हणजे मशीनचं मॉडेल) मध्ये २७. दोनच ज्वेलचा फरक! १९६०च्या दशकात आकडा मिरवण्याची चढाओढ लागली होती, तेव्हा जपानच्या ओरिएंटने ग्रां प्री घड्याळात १०० ज्वेल बसवले. कामाचे ज्वेल आणि बिनकामाचे ज्वेल हा भेद पुढे आयएसओ ११‍१२ या मानकात थेट लिहिला गेला. पंचवीसच्या आसपास आकडा असला की तो विषय सोडून द्या.

सरकता सेकंदकाटा असलीपणाचा पुरावा नाही. २८,८०० ठोक्यांची नक्कल मशीनं सर्रास मिळतात, त्यांचाही काटा सेकंदात आठ पावलं टाकतो. बुलोव्हाच्या क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरच्या, प्रिसिजनिस्टचा तर सोळा टाकतो. आणि वर सांगितलेलं कॅलिबर २४० तासाला २१,६०० ठोक्यांवरच चालतं, म्हणजे सेकंदाला सहा.

चावीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. स्प्रिंग तुटते हे खोटं. ऑटोमॅटिकच्या स्प्रिंगचं बाहेरचं टोक डब्याच्या भिंतीला अडकवलेलं नसतं, पूर्ण भरली की ते भिंतीवरून घसरतं. पण २८२४ सारख्या मशीनला रोज हाताने चावी दिली तर चावीची चाकं झिजतात, हे खरं. म्हणून बंद पडलेल्या घड्याळाला २५-३० फेरे द्या आणि हातात घाला, पुढचं काम रोटर करेल. जोरजोरात हलवणं मात्र अजिबात नको, त्यात रोटरच्या बेअरिंगवर ताण येतो. सेइको ७एस२६ सारख्या ज्या मशीनला हाताने चावी देताच येत नाही, ते हळू डोलवा. आणि रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख गुंडीने बदलू नका. तेव्हा तारखेचे दात एकमेकांत अडकलेले असतात.

३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी आणि पावसाचे शिंतोडे, बस. पोहणं नाही, गरम पाण्याचा शॉवर नाही. पावसाळ्यात काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी घड्याळजीकडे जा, कारण गुंडीच्या दांडीला गंज धरायला वेळ लागत नाही.

स्विस मेडचा नियम २०१७ पासून असा आहे: मशीन स्विस असावं, घड्याळाची जुळणी आणि अंतिम तपासणी तिथेच व्हावी, आणि उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्विस असावा. प्रत्येक भाग तिथलाच हवा, असं त्यात कुठेही नाही.

ड्रेस वॉचसाठी (समारंभाच्या कपड्यांवर घालायच्या घड्याळासाठी) जे खरंच बघायला हवं, त्या जाडीबद्दल या फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही. शर्टाच्या कफाखाली, शेरवानीच्या बाहीखाली घड्याळ सहज सरकलं पाहिजे. २८२४-२ ची जाडी ४.६ मिलिमीटर, ईटीएच्याच २८९२-ए२ ची ३.६, आणि रोटर मशीनच्या पातळीतच बसवलेल्या कॅलिबर २४० ची २.५३. मशीनमधला एक मिलिमीटर केसमध्ये लगेच जाणवतो. एकूण जाडी १० मिलिमीटरच्या आत आणि व्यास ३६ ते ३९ ठेवा. पट्टा जोडायच्या वरच्या आणि खालच्या कानांतलं अंतर मनगटाच्या सपाट भागाबाहेर जाता कामा नये. मागची पारदर्शक काच जाडी वाढवते, हेही लक्षात असू द्या.

आणि दुकानात टाइमग्राफर (घड्याळाची चाल आणि झोका मोजणारं यंत्र) असेल तर पूर्ण चावी देऊन घड्याळ त्यावर ठेवायला सांगा. त्याआधी यंत्रात लिफ्ट अँगल (झोका मोजायला लागणारा, मशीनगणिक बदलणारा कोन) बरोबर भरलाय का ते बघा. २८२४-२ ला तो ५० अंश लागतो, आणि नेहमीच्या ५२ वर ठेवला तर झोका चुकीचा दिसतो. डायल वर असताना झोका २७० ते ३१० अंशांच्या दरम्यान हवा. मग गुंडी वर, गुंडी खाली, गुंडी डावीकडे असं उभं धरून बघा. क्रोनोमीटरच्या (अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाच्या) चाचणीत मशीन १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात, आणि सरासरी चाल दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालते. साध्या घड्याळाकडून एवढी अपेक्षा नाही, पण नवंकोरं घड्याळ एका स्थितीत अधिक १५ आणि दुसऱ्या स्थितीत उणे १० दाखवत असेल तर ते परत ठेवा आणि त्याच मॉडेलचं दुसरं मागा.