डेटा तेल नाही, आणि साठा म्हणजे कमाई नाही

"डेटा हे नवं तेल आहे. ज्याच्याकडे साठा जास्त, तो राजा. आधी सगळं साठवून ठेवा, उपयोग पुढे सापडतोच. चांगला अल्गोरिदम आणा, आकडे आपोआप बोलतील. बाकीचं आयटीवाले बघतील."

हा मजकूर थोड्याफार फरकाने गेली काही वर्षं लिंक्डइनवर आणि उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. मागच्या महिन्यात तो मला एका ओळखीच्या लघुउद्योजकाने पाठवला आणि खाली विचारलं, डेटा साठवायच्या सर्व्हरसाठी कर्ज काढू का? कुणी या पाच वाक्यांच्या भरवशावर कर्ज काढणार असेल, तर गप्प बसणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून एकेक वाक्य घेतो.

तेलाचं वाक्य क्लाइव्ह हंबी या ब्रिटिश गणितज्ञाचं, 2006 सालचं. त्याला जोडूनच तेव्हा असंही मांडलं गेलं होतं की हे तेल कच्चं आहे, शुद्ध केल्याशिवाय ते वापरता येत नाही. पुढे पाठवता पाठवता हा भाग गळून पडला. खुद्द हंबींनी काय केलं ते पाहिलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. त्यांनी आणि एडविना डन यांनी 1989 मध्ये डनहंबी ही कंपनी काढली. टेस्को तेव्हा ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांत सेन्सबरीच्या मागे होती. टेस्कोच्या क्लबकार्डाची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खरेदीची नोंद ठेवून त्याला सवलत देणाऱ्या कार्डाची, चाचणी काही मोजक्या दुकानांत झाली, त्या नोंदी तपासायचं काम डनहंबीकडे होतं, आणि कार्ड देशभर सुरू झालं फेब्रुवारी 1995 मध्ये. त्या काळच्या संगणकांना सगळ्या पावत्या झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून सुरुवातीला काम झालं ते नमुन्यावर. प्रश्न मात्र नेमका होता: कोणत्या गिऱ्हाइकाला कोणतं कूपन पाठवायचं? दर तिमाहीला घरी हिशेबाचं पत्र जायचं आणि त्यातली कूपनं घराघराप्रमाणे वेगळी असायची. टेस्कोचे तेव्हाचे अध्यक्ष इयन मॅक्लॉरिन चाचणीचे निष्कर्ष पाहून म्हणाले होते की माझ्या गिऱ्हाइकांबद्दल मला तीस वर्षांत कळलं नाही तेवढं तुम्हाला तीन महिन्यांत कळलं, याचीच मला भीती वाटते. त्याच वर्षी टेस्कोने सेन्सबरीला मागे टाकलं. त्यामागे इतरही कारणं होती, सगळं श्रेय कार्डाला देणार नाही. पण गल्ल्यावरच्या पावत्या तर प्रत्येक सुपरमार्केटात निघत होत्या. इथे पावती कुणाची हे कळल्यावर पुढच्या टपालात काय बदलायचं, हे ठरवायला कुणीतरी बसलं होतं.

तेलाशी तुलना आणखी एका ठिकाणी फसते. तेलाचं पिंप कुणालाही विका, त्याला बाजारभाव आहे. माझ्या कारखान्याची डिस्पॅचची, म्हणजे माल पाठवल्याची, नोंदवही शेजारच्या कारखान्याला रद्दीच्या भावातही नको असते. तिचं मोल फक्त माझ्याच एखाद्या निर्णयात आहे. तो निर्णय घेणारा माणूस ती उघडत नसेल, तर मोल शून्य.

"आधी सगळं साठवा." यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. यंत्र कधी बंद पडलं, कोणता भाग बदलला, या नोंदी आज निरुपयोगी वाटल्या तरी पाच वर्षांनी लागतात. पण "सगळं" हा शब्द घातक आहे. तेल जमिनीखाली लाखो वर्षं राहून तेलच राहतं. डेटा शिळा होतो. पत्ते बदलतात, फोन नंबर बदलतात, मालाचे कोड बदलतात आणि जुना कोड म्हणजे काय हे सांगणारा माणूस निवृत्त होतो. मार्च 2020 पर्यंतची विक्री घेऊन एप्रिलची मागणी काढायला बसलेल्या कुणालाही विचारा, त्या साठ्याचं काय झालं. शिवाय आता कायदा आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच असा आहे की माणसाची माहिती सांगितलेल्या हेतूपुरती घ्यावी आणि हेतू संपला की काढून टाकावी. सुरक्षेत हयगय झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ग्राहकांच्या बाबतीत "उपयोग पुढे सापडेल" म्हणणं म्हणजे हेतू न सांगता माहिती घेणं. डेटाची जबाबदारी असलेल्या माणसाचं अर्धं काम आज "हे गोळा करायचं नाही" असं ठामपणे सांगण्याचं आहे.

अल्गोरिदमबद्दल, म्हणजे आकड्यांवरून उत्तर काढणाऱ्या गणिती पद्धतीबद्दल, दोन उदाहरणं पुरतील. नेटफ्लिक्सने ऑक्टोबर 2006 मध्ये स्पर्धा जाहीर केली: प्रेक्षकाला कोणता चित्रपट आवडेल हे सांगणारी आमची शिफारस-पद्धत 10 टक्क्यांनी अधिक अचूक करून दाखवा, 10 लाख डॉलर घ्या. जगभरचे संघ तीन वर्षं झुंजले आणि सप्टेंबर 2009 मध्ये बक्षीस दिलं गेलं. पण जिंकलेलं ते अख्खं मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारी गणिती मांडणी, नेटफ्लिक्सने कधी चालवलंच नाही. वाटेत मिळालेल्या दोन पद्धती मात्र वापरल्या. कंपनीच्या अभियंत्यांनी 2012 मध्ये कारण लिहिलं: वाढलेली अचूकता ते मॉडेल बसवण्याच्या कष्टाच्या मानाने पुरेशी नव्हती, आणि दरम्यान धंदाच बदलला होता. डीव्हीडी टपालाने मागवणारा प्रेक्षक आणि पडद्यावर लगेच चित्रपट लावणारा प्रेक्षक वेगळं वागतात.

दुसरं उदाहरण झिलोचं, आणि ते दुखरं आहे. ही अमेरिकन कंपनी घरांच्या किमतीचा अंदाज वर्षानुवर्षं फुकट दाखवत होती. आपल्या घराची किंमत कुतूहलाने बघणाऱ्याला अंदाज सहा-सात टक्क्यांनी चुकला तर बिघडत नाही. मग कंपनी स्वतःच घरं विकत घेऊन पुन्हा विकायला लागली. घर आपल्या पैशाने घ्यायचं म्हटलं की तेवढ्याच टक्क्यांत सगळा नफा बुडतो. नोव्हेंबर 2021 मध्ये झिलोने हा व्यवसाय बंद करायचं जाहीर केलं. एका तिमाहीत साठ्यातल्या घरांची किंमत 30 कोटी डॉलरहून अधिक खाली आणावी लागली आणि सुमारे एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. किमती पुढे कुठे जातील याचा अंदाज आवाक्याबाहेरचा निघाला, असं कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितलं. घरांचा एवढा डेटा फार थोड्यांकडे होता. मॉडेल चुकल्यावर किती सोसायचं आणि कुठे थांबायचं, हे गणिताचं काम नव्हे. ते टेबलावर मांडून वाद घालणारं कुणी हवं असतं.

आता "आकडे आपोआप बोलतील." मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो. यूपीएस या अमेरिकन कुरिअर कंपनीचं उदाहरण मी जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. तिथला ड्रायव्हर दिवसाला साधारण 120 ठिकाणी थांबतो. 120 थांब्यांचे क्रम किती लागू शकतात? उत्तर 199 अंकी संख्या आहे. त्यातला चांगला क्रम शोधण्यासाठी जॅक लेव्हिस या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधल्या माणसाच्या नेतृत्वाखाली 'ओरायन' ही प्रणाली तयार झाली. काम 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला निघालं आणि ती मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली 2013 नंतर. दहा वर्षं का लागली?

कारण पहिले मार्ग संगणकावर सुंदर दिसत होते आणि रस्त्यावर चालत नव्हते. नकाशात रस्ता होता, पण गाडी कुठे उभी करायची, माल कोणत्या दारातून द्यायचा, हे नव्हतं. दुकानाला पार्सल सकाळीच लागतं, हे ड्रायव्हरला ठाऊक होतं आणि प्रणालीला नव्हतं. रोज नवा क्रम दिला की ड्रायव्हर गोंधळायचा, कारण कालच्या सवयीलाही किंमत असते. मग नकाशे दुरुस्त झाले, ड्रायव्हरांचे अलिखित नियम प्रणालीत आले, आणि थोडा लांबचा पण ओळखीचा मार्ग निवडायची मुभा ठेवली गेली. एकेका केंद्रावर माणसं जाऊन बसली आणि ड्रायव्हरांबरोबर काम करत राहिली.

लेव्हिस यांच्याकडे एक साधा हिशेब होता: प्रत्येक ड्रायव्हरचा दिवसाला एक मैल वाचला तर कंपनीचे वर्षाला 5 कोटी डॉलर वाचतात. हे वाक्य मालकालाही कळतं, ड्रायव्हरलाही आणि हिशेबनीसालाही. अमेरिकेतल्या सुमारे 55,000 मार्गांवर ओरायन पोहोचली तेव्हा वर्षाला 10 कोटी मैल, 1 कोटी गॅलन इंधन आणि 30 ते 40 कोटी डॉलर वाचत असल्याचं कंपनीने सांगितलं. 2016 मध्ये या कामाला ऑपरेशन्स रिसर्चमधलं, म्हणजे कामकाजाचे निर्णय गणिताने सुधारण्याच्या शास्त्रातलं, मानाचं एडेलमन पारितोषिक मिळालं. ही बचत ड्रायव्हरने प्रत्यक्ष वळण बदललं तेव्हाच झाली. त्याआधी सगळं गणित तयार असूनही खात्यावर एक डॉलर जमा नव्हता.

राहिलं "आयटीवाले बघतील." इथे माझाच अनुभव सांगतो. पुण्याजवळच्या एका पंपांच्या कारखान्यात ॲनालिटिक्सची, म्हणजे डेटाच्या विश्लेषणाची, जबाबदारी माझ्याकडे होती. दोन वर्षांत आम्ही भरपूर डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आणि आलेख एकत्र दाखवणारे पडदे, केले. रंगीत होते, रोज ताजे व्हायचे. एकदा मी लॉगिनच्या नोंदी काढल्या. बहुतेक डॅशबोर्ड आमच्या टीमशिवाय कुणी उघडतच नव्हतं. मला फार लागलं ते. पण चूक माझी होती: काय हवं हे विचारायला मी कधी कुणाच्या शेजारी जाऊन बसलोच नव्हतो.

मग मी खरेदी विभागात बसायला लागलो. तिथले एक ज्येष्ठ सहकारी, सगळे त्यांना काका म्हणायचे, दर गुरुवारी सकाळी कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांना, कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) ऑर्डरी द्यायचे. त्यांना विचारलं, "काका, हा पडद्यावरचा आकडा बदलला तर तुम्ही उद्या काय वेगळं कराल?"

ते म्हणाले, "काहीच नाही. मला फक्त एवढंच सांग, या आठवड्यात कोण उशीर करणार आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत सांगितलंस तर बरं."

हा प्रश्न आयटी विभागाकडे कधी पोहोचला नसता, कारण तो कुठल्याच फॉर्मवर नव्हता. आणि तो सोडवायला नवीन सर्व्हरही लागला नाही. गेटवरच्या आवक नोंदी, नाकारलेल्या मालाची वही आणि आधीच्या ऑर्डरींच्या तारखा, एवढं जुळवलं. बुधवारी संध्याकाळी काकांच्या टेबलावर एक छापील कागद जायला लागला: या या भागांना उशीर होईल असं वाटतं, आणि का. पहिले काही आठवडे त्यांनी त्यावर पेनाने खुणा केल्या, इथे चुकलात, ही फाउंड्री दिवाळीत बंद असते, त्या मालाचं मशीनिंग दुसरीकडे होतं. त्या खुणा आम्ही नियमांत घातल्या. नंतर काकांनी उशिराच्या भीतीने धरून ठेवलेला जादा साठा हळूहळू कमी केला. किती पैसा मोकळा झाला हे मी सांगितलं नाही, अकाउंट्सच्या बाईंनी काढून सांगितलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डेटावाल्याने आपल्या कामाची किंमत स्वतः ठरवू नये. ती हिशेब ठेवणाऱ्याने मान्य केली तरच ती खरी.

कॅपिटल वन या अमेरिकन वित्तसंस्थेने 2002 मध्ये चीफ डेटा ऑफिसर, म्हणजे कंपनीच्या सगळ्या डेटाची जबाबदारी असलेला अधिकारी, हे पद निर्माण केलं. ते या क्षेत्रातलं पहिलं मानलं जातं. आता ते अनेक कंपन्यांत आहे. पण लहान कारखान्याला त्या नावाचा मोठ्या पगाराचा माणूस लागत नाही. खरेदी, विक्री आणि अकाउंट्स या तिन्ही टेबलांवर ज्याचं ऐकलं जातं आणि ज्याला मालक वेळ देतो, असा एक माणूस लागतो. बऱ्याचदा तो कारखान्यात आधीच असतो.

त्या लघुउद्योजकाला मी हेच कळवलं. कर्ज सध्या थांबवा. येत्या आठवड्यात तुम्ही आणि तुमची माणसं जे निर्णय पुन्हा पुन्हा घेता, त्यातले पाच कागदावर लिहा. प्रत्येकासमोर तो कोण घेतो, कोणत्या दिवशी घेतो आणि चुकला तर किती रुपये जातात, एवढं मांडा. काल त्यांचा कागद आला. पाचांपैकी तीन ओळींत शेवटचा रकाना रिकामा होता. शनिवारी त्यांच्या अकाउंटंटबरोबर बसून आम्ही तो भरणार आहोत.