खुलासा: जुन्या रॉक बँडचे नवे अल्बमही खपले आहेत
फुटलेले जुने रॉक बँड पुन्हा एकत्र आले, की त्यांचे कार्यक्रम हाऊसफुल्ल होतात, पण नवा अल्बम कुणी विकत घेत नाही, असं एक विधान सध्या फिरतंय. ते चुकीचं आहे.

ईगल्सचंच बघा. 1980च्या सुमारास फुटलेला हा बँड 1994 मध्ये एकत्र आला आणि 2007 च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी 'लाँग रोड आउट ऑफ ईडन' काढला, 1979 नंतरचा पहिलाच पूर्ण नवा स्टुडिओ अल्बम. अमेरिकेत तो दुकानांपैकी फक्त वॉलमार्टकडे मिळायचा. एकाच दुकानात विकला जाणारा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या खपाच्या मुख्य यादीत तेव्हा धरत नसत. पण पहिल्याच आठवड्यात 7 लाख 11 हजार प्रती गेल्या आणि बिलबोर्डला ऐनवेळी नियम बदलावा लागला! त्याच आठवड्यात आलेला ब्रिटनी स्पिअर्सचा अल्बम 2 लाख 90 हजारांवर राहिला.

हा अपवाद म्हणावा, तर ब्लॅक सबाथ हा बँडही आहे. मूळ गायक ऑझी ऑस्बॉर्न परतल्यावर 2013 मध्ये आलेला '13' हा त्यांचा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला अल्बम. ऐन उमेदीच्या काळातही त्यांना ते जमलं नव्हतं. मूळ ड्रमर बिल वॉर्ड मात्र त्यात नव्हता, हे सांगायलाच हवं.

जुन्या गाण्यांना जास्त मागणी असते, एवढं त्या विधानात खरं आहे. ईगल्सच्या 1971 ते 1975 मधल्या निवडक गाण्यांच्या संग्रहाला अमेरिकेत 2018 मध्ये 38 वेळा प्लॅटिनम (दर 10 लाख खपामागे एक असा किताब) जाहीर झालं. नवा अल्बम तिथवर पोचलेला नाही.