पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर घर मिळत नाही

'घर घेताय? रजिस्ट्रेशनचे लाखो रुपये वाचवा' या मथळ्याचा एक संदेश सध्या कळवा, दिवा, दिघा भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. दिव्यात वन बीएचके पाहत असलेल्या माझ्या आतेभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारले, "दादा, असे चालते ना?" एजंटला टोकन देण्याचे त्याचे जवळपास ठरलेच होते, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

संदेशाचे म्हणणे असे: पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून करारनामा करावा, सोबत कधीही रद्द न होणारे मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) आणि विक्रेत्याचे मृत्युपत्र घ्यावे, म्हणजे मालकी पक्की होते. घरपट्टी आणि वीजबिल आपल्या नावावर झाले की इमारत अधिकृत ठरते. बारा वर्षे राहिल्यावर कोणी हात लावू शकत नाही. आणि रेरा क्रमांक, म्हणजे गृहप्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक, असेल तर वकिलाचा खर्चही वाचतो.

यातला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरी सही कोणी केली एवढेच साक्षांकित करतो. जागा कोणाची आहे, हे तो तपासत नाही आणि ते त्याचे कामही नाही. करारनामा, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र हे त्रिकूट तर सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजीच निकालात काढले आहे. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही आणि मुखत्यारपत्रावर 'रद्द न होणारे' असे लिहिले तरी फरक पडत नाही, हे त्या निकालात इतक्या स्पष्टपणे म्हटले आहे की त्यानंतरही हा सल्ला देणाऱ्याला अज्ञानाचा फायदा देणे मला जड जाते.

मृत्युपत्राची सूचना जरा नीट पाहावी. खरेदीदाराने तीस लाख रुपये मोजायचे आणि मग विक्रेत्याच्या मरणाची वाट पाहायची. तो जिवंत असेपर्यंत मृत्युपत्राला काही अर्थ नाही आणि ते तो केव्हाही बदलू शकतो. तो वारला की मुखत्यारपत्र सर्वसाधारणपणे संपते. दरम्यान त्याने तेच घर तिसऱ्या माणसाला रीतसर नोंदणी करून विकले, तर त्या माणसाच्या वकिलाला दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदी शोधताना तुमचे नाव कुठेही दिसणार नाही, कारण तुम्ही ते तिथे नोंदवलेच नाही.

बचतीचा हिशेब मात्र वरवर बरोबर आहे. ठाण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के आहे, स्त्रीच्या नावावर खरेदी असेल तर एक टक्का सवलत मिळते आणि नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. म्हणजे तीस लाखांच्या घरावर दोन लाख चाळीस हजार रुपये. परंतु मुद्रांक शुल्क नोंदणीवर नसून दस्तावर लागते. ताबा देणारा किंवा ताब्याचे वचन देणारा करार महाराष्ट्रात या शुल्कापुरता खरेदीखताप्रमाणेच धरला जातो. ते भरले नाही तर थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के, कमाल थकबाकीच्या चौपट, असा दंड लागतो आणि तोवर तो कागद न्यायालयात पुरावा म्हणूनही घेतला जात नाही. याला बचत म्हणणारा माणूस वीजबिल न भरता वीज स्वस्त झाली असेही सांगेल.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. मुखत्यारपत्र हा बेकायदा कागद नाही. परदेशी असलेल्या मुलाने ठाण्यातल्या वडिलांना घर विकण्याचे अधिकार देणे अगदी रास्त आहे आणि असे खरे मुखत्यारपत्र आपण बाधित करत नसल्याचे सूरज लॅम्प निकालातही नमूद आहे. मात्र तिथेही वडील मुलाच्या वतीने खरेदीखत नोंदवून देतात. खरेदीखताऐवजी मुखत्यारपत्र देत नाहीत.

घरपट्टीच्या मुद्द्यावर तर कायद्यानेच उत्तर लिहून ठेवले आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अनधिकृत इमारतीवर मालमत्ता कराबरोबर शास्ती, म्हणजे दंड, लावण्याची तरतूद आहे आणि हा कर वा शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये, असेही तिथेच म्हटले आहे. शास्तीत पुढे सवलती आल्या, हे वाक्य तसेच राहिले. म्हणून विक्रेता घरपट्टीची पावती नाचवू लागला, तर तीत शास्तीची रक्कम आहे का, हे आधी पाहावे. काही वेळा ती पावतीच इमारत अनधिकृत असल्याचा पुरावा असते. दिघ्यात २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवरील इमारतींवर हातोडा पडला, तेव्हा वीजबिले दाखवून कोणाचे घर वाचले नाही.

बारा वर्षांच्या गोष्टीवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ती मुदत मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे ठेवलेल्या ताब्यासाठी आहे. मालकानेच करार करून आत घेतलेल्या माणसाचा ताबा तसा नसतो. जमीन सरकारची असेल तर मुदत तीस वर्षांची आहे.

रेरा क्रमांक पाहावा, हा सल्ला निम्मा बरोबर आहे, त्यावर थांबावे हा चूक आहे. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती आणि उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणून क्रमांकासोबत बांधकाम परवानगी पालिकेच्या नगररचना विभागातून पडताळून घ्यावी लागते आणि त्यासाठीच वकील लागतो. नव्या प्रकल्पात बिल्डरने नोंदणीकृत कराराआधी घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेणे रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मना आहे, हे या संदेशात का नाही, याचे उत्तर तो लिहिणाऱ्यानेच द्यावे.

आतेभावाला मी एवढेच सांगितले आहे की विक्रेत्याच्या नावाची सूची क्रमांक २ (नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा), इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची पालिकेची परवानगी) आणि जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, यांच्या प्रती हातात आल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही द्यायचा नाही. एजंटने अजून एकही प्रत पाठवलेली नाही.