फॉरवर्ड केलं म्हणजे साक्ष दिली

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉकवर खातं ठेवायला बंदी आहे. कंपनीनं कुचराई केली तर ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत दंड. बातमी ठाण्यात पोचली आणि आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या भाविकांच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच धोशा सुरू झाला: आपल्याकडेही हा कायदा हवा, पोरं हाताबाहेर गेलीत.

मेलबर्नला राहून मला कायदा योग्यच वाटतो. पण ठाण्याचं दुखणं निराळं आहे. मागे त्याच ग्रुपवर मुलं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज फिरला, वर दुहेरी बाणाची खूण, म्हणजे अनेकदा फॉरवर्ड झालेला. पाठवणारी माणसं साठीची, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पुढच्या बाकावर बसणारी. विचारलं तर उत्तर आलं, "खरं असलं तर? म्हणून टाकलं."

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेनं पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मरेस्तोवर मारलं. "माझा शेजारी कोण?" या प्रश्नावर येशूनं वाटेत मार खाऊन पडलेल्या प्रवाशाची गोष्ट सांगितली. राईनपाड्याचे हे पाच जण आपले शेजारीच होते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस ही बायबलमधली आज्ञा आपण कोर्टापुरती धरतो, हेच चुकतं.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावशी क्यूआर कोड पुढे करतात, हे मी मेलबर्नच्या लोकांना अभिमानानं सांगतो. पण त्याच फोनवर पोलिसाच्या वेशातला भामटा 'डिजिटल अटक' झाल्याचं सांगून एखाद्या निवृत्त बाईंची आयुष्याची पुंजी लुटतो. अशी अटक कायद्यात नाहीच. माणसं फोन उचलायलाच घाबरू लागली, तर कसला विकास?

कॅथलिक शिकवण याबाबत स्पष्ट आहे: सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाला क्षमा मिळाली तरी भरपाई करावीच लागते. म्हणजे मेसेज गुपचूप डिलीट करून भागत नाही. ज्यानं खोटं पाठवलं, त्यानं त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावानं, "मी पाठवलं ते खोटं होतं" असं लिहायला हवं. हे फादरांनी प्रवचनात ठणकावून सांगावं. आणि मिस्सेनंतर युवकांनी सभागृहात टेबल मांडून वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर सेव्ह करून द्यावा. येत्या रविवारपासूनच.