घरात माणसं होती, तरीही

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद अजूनही अधूनमधून पेटतो. कोणीतरी लिहितं, कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये पाचातल्या एका प्रौढाला नैराश्य होतं. सांगलीच्या काकांचं उत्तर ठरलेलं असतं : "ते लोक एकेकटे राहतात. आपल्याकडे घरात चार माणसं असतात, डिप्रेशन यायला सवड कुठे मिळते?" पुण्याची चुलतबहीण त्यावर चिडते. आपल्याकडेही तेवढंच आहे, फक्त झाकून ठेवतात, असं तिचं म्हणणं. मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहते, औषधाच्या दुकानात काम करते आणि साथीच्या दोन्ही वर्षांत काउंटरवर उभी होते. मला बहिणीचं म्हणणं अर्धंच पटतं, काकांचं मुळीच पटत नाही.

तो आकडा कुठून आला ते आधी सांगते. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने साथीच्या आधी, जुलै २०१९ ते मार्च २०२० या काळात, काही हजार प्रौढांना आठ प्रश्न विचारले होते. गेल्या दोन आठवड्यांत झोप नीट लागली का, भूक कमी-जास्त झाली का, कशात रस वाटेनासा झाला का, आपण नालायक आहोत असं मनात आलं का, अशा धर्तीचे. जून २०२० मध्ये त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. साथीपूर्वी मध्यम ते तीव्र लक्षणं ९.७ टक्के लोकांत होती, जूनमध्ये ती १९.२ टक्क्यांवर गेली. पुढेही विचारणं थांबलं नाही. २०२१ च्या सुरुवातीला, कडक लॉकडाऊनमध्ये, आकडा २१ वर गेला आणि उन्हाळ्यात निर्बंध उठल्यावर १७ वर आला. हे डॉक्टरांनी केलेलं निदान नव्हे, लोकांनी स्वतः सांगितलेली लक्षणं आहेत. तरीही माणसांचं काय चाललं आहे, ते सरकारला महिन्यांच्या अंतराने दिसत होतं.

काका म्हणतात तसं एकटं राहणं हेच मूळ असतं, तर म्हाताऱ्यांचा आकडा सगळ्यांत वर हवा होता. इथे एकेकटे राहणारे म्हातारे गल्लोगल्ली आहेत, आणि साथीत तर त्यांची दारं महिनोन् महिने बंद होती. पण सत्तरीपुढच्यांत प्रमाण सर्वांत कमी निघालं. जास्त निघालं ते तरुणांत : १६ ते ३९ वयोगटात ३१ टक्के. २०२१ च्या सुरुवातीला १६ ते २९ वयाच्या बायकांत ४३ टक्के. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांत ३१, स्वतःचं कर्जमुक्त घर असणाऱ्यांत १३. अचानक एखादा खर्च उभा राहिला तर भागवता येणार नाही असं सांगणाऱ्यांत आणि अपंगांत प्रमाण असंच चढं होतं. एकटेपणा माणसाला पोखरतो, हे मी नाकारत नाही. पण नोकरी, भाडं आणि उद्याची खात्री यांचा भार किती असतो ते या आकड्यांत लख्ख दिसतं.

आणि लेस्टर काही रिकाम्या घरांचं शहर नाही. २९ जून २०२० ला देशातला पहिला स्थानिक लॉकडाऊन इथेच जाहीर झाला. बाकी इंग्लंड उघडत होतं तेव्हा आम्ही पुन्हा दारं लावून बसलो. माझ्या भागात बहुतेक गुजराती आणि पंजाबी घरं, मराठी थोडी. छोट्या रो-हाउसमध्ये तीन पिढ्या. दुकानाबाहेर अंतर राखून रांग लागायची आणि त्या रांगेतून आत आलेल्या बायका हळूच सांगायच्या : गोळ्यांचं नाव मोठ्याने वाचू नका, सासूबाई बाहेर उभ्या आहेत. त्या गोळ्या नैराश्यावरच्या असायच्या. त्यांच्या घरात चार नव्हे, आठ माणसं होती. आठ माणसांचा तीन वेळचा स्वयंपाक होता, मुलांची ऑनलाइन शाळा होती, आणि रडायला न्हाणीघराशिवाय जागा नव्हती. सवड नव्हती, हे काकांचं खरंच आहे. आजार मात्र सवडीची वाट बघत नाही.

पगाराचंही सांगायला हवं. काम बंद पडलेल्यांना सरकारने फर्लो योजनेतून पगाराच्या ८० टक्के रक्कम दिली, महिन्याला कमाल २,५०० पौंड. आम्हा बाहेरून आलेल्यांच्या व्हिसावर सरकारी मदत मागता येणार नाही अशी अट असते, पण फर्लो त्या अटीत धरला नाही. त्यामुळे हॉटेलात, गोदामात काम करणाऱ्या ओळखीच्या मराठी मुलांचंही घरभाडं निघालं. एवढा आधार असूनही इथलं नैराश्य दुप्पट झालं. मग जिथे २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून रोजी बंद झाली, तिथे माणसांच्या मनाचं काय झालं असेल?

याचं थेट उत्तर देणारा आकडा आपल्याकडे नाही. जे आहे ते फार उशिराचं, माणूस गेल्यानंतरचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींत २०२० साली भारतात १,५३,०५२ आत्महत्या आहेत, त्यांत ३७,६६६ रोजंदारीवरची माणसं. राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात, १९,९०९. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यच असतं असं नाही, कारणं गुंतलेली असतात. पण या रोजंदारीवरच्या माणसांपैकी अनेकांना घर असणार, घरात माणसं असणार. कुटुंब पुरेसं असतं तर ती वाचायला हवी होती.

आता बहिणीचं म्हणणं. झाकून ठेवतात, मान्य. पण झाकलेलं दिसायला आधी कोणीतरी दारात येऊन विचारावं लागतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १२ राज्यं घेतली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. आणि साथीच्या ऐन भरात, जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेल्यावर, नैराश्यावर बोलायची वेळ आली तेव्हा वाहिन्यांनी महिनोन् महिने आरोपी शोधले. आजार बाजूलाच राहिला.

खरं तर आपण त्याच वर्षी दारोदार गेलो होतो. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० ला सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी जाऊन ताप बघत होते, बोटाला ऑक्सिमीटर लावत होते, कोणाला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, लिहून घेत होते. एवढ्या मोठ्या राज्यात एवढं काम उभं राहिलं याचा मला इथे बसूनही अभिमान वाटला. त्याच कागदावर आणखी दोन ओळी हव्या होत्या : झोप लागते का, कशात मन लागतं का. आशाताईंवर आणखी ओझं टाका असं मी म्हणत नाही. त्यांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला, आणि वाढीव कामाचे पैसे वाढीव कामाआधी मिळायला हवेत.

विचारून पुढे काय, उपचार कुठे आहेत, हा आक्षेप मी इथल्या मराठी डॉक्टरांकडूनही ऐकते. त्याचं उत्तर शोधायला ब्रिटनकडे बघायची गरज नाही. इथे चिठ्ठीशिवाय स्वतः फोन करून समुपदेशन मागता येतं, हे चांगलं आहे. पण वाट बघावी लागते, आणि गुडघेदुखी गुजरातीत सांगणाऱ्या आजींना मनातलं इंग्रजीत सांगणं जमत नाही. उत्तर गोव्यात आहे. तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगथ' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलायचं, बंद पडलेली रोजची कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करून द्यायची, अशी पद्धत. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या मर्यादेखाली आले, नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे, म्हणजे साथीच्या तीन वर्षं आधी. सिंधुदुर्गातल्या बांद्यापासून गोव्याची हद्द किती दूर आहे?

सिंधुदुर्गात, सांगलीत, मराठवाड्यात हे करायला नवी इमारत लागत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी दोन पगारी माणसं लागतात, आणि दर वर्षी त्याच घरांना तेच आठ प्रश्न विचारून आकडा जाहीर करणारं खातं लागतं. तोवर ज्याला आज गरज आहे त्याने टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करावा. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. काका, तुम्हीही हा नंबर ग्रुपवर टाका. तुमचं म्हणणं सगळे ऐकतात.